सुमनच्या कार्डावरची कमल

१९९२ साल. मी पंचेचाळीस वर्षांचा होतो, आणि वाळूच्या साच्याच्या कामात अख्ख्या कोल्हापुरात आपल्या तोडीचा माणूस नाही असं माझं पक्कं मत होतं. ते आजही बदललेलं नाही. शाळा माझी तिसरीपर्यंत. पण कास्टिंग कुठं फुगणार, कुठं पोकळ राहणार, हे मी नुसता साचा बघून सांगायचो आणि शिकलेली माणसं वहीत लिहून घ्यायची.

आमची फौंड्री हायवेच्या पलीकडं. पंपाची कास्टिंगं निघायची. त्या साली पाडवा झाल्यावर एक दिवस कोरशॉपच्या दारात एक काळीसावळी, शेलाटी बाई येऊन उभी राहिली. कोर म्हणजे वाळूचा भाजलेला ठोकळा. कास्टिंग आतनं पोकळ हवं असलं की तो साच्याच्या मधोमध बसवायचा आणि भोवतीनं लोखंड ओतायचं. कोर करायचं काम आमच्याकडं बायकाच करायच्या, आणि त्या बायका माझ्या हाताखाली.

"सुमन कुठं हाय?" मी विचारलं. सुमन ही आमच्या कोरशॉपमधली बाई. कामावर कायम होऊन तिला महिनाच झाला होता.

"बाळतपणाला माहेरी गेलीया, आजऱ्याला. मी तिची धाकटी जाऊ. दोन म्हैनं तिच्या जागेवर मी करते."

"नाव काय?"

"कार्डावर सुमनच ऱ्हाऊ द्या. न्हायतर तिची जागा जाईल."

"आन तुझं?"

"माझं माझ्यापाशी हाय की. कमल."

संध्याकाळी मालक फिरत आले. तेव्हाचे मालक म्हणजे स्वतः भट्टीसमोर उभं राहून घाम गाळलेला माणूस. दुपारी आमच्याबरोबर वाळूवर बसून भाकरी खायचे, आणि भाकरी कमी पडली तर कुणाच्याही फडक्यातली उचलायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते कमलच्या पाटाजवळ उकिडवे बसले, तिनं केलेला एक कोर हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाले, "नाव कुणाचं बी असू दे रं. हात हिचंच हाईत न्हवं? चालू दे."

झाली नेमणूक. कागद नाही, सही नाही.

सुमन परत आलीच नाही. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे कमलच्या थोरल्या दिरानं, कागलच्या बाजूला गावात ऊस वाट्यानं करायला घेतला आणि ती तिकडंच रमली. इकडं कमलचा नवरा साखर कारखान्याला बैलगाडीनं ऊस ओढायचा. त्याची गाडी एकदा उलटली आणि त्याची पाठ कायमची गेली. घरात मिळवणारी ती एकटी. दोन महिन्यांची तेरा वर्षं झाली. मधे एकदा मी म्हणालो होतो, तुझं नाव लावून घेऊ. तेव्हाचा जुना क्लार्क म्हणाला, लावू की, पण मग सुमन नोकरी सोडून गेली आणि कमल आज नवीन लागली असं होईल, आणि नवीन कायम माणसं घ्यायची आता बंद आहेत. कमल म्हणाली, "मग मी सुमनच बरी."

हजेरीला सही लागायची. अंगठा तिला कमीपणाचा वाटायचा. दुपारच्या सुट्टीत लोखंडाच्या पत्र्यावर खडूनं गिरवून गिरवून ती 'सुमन' लिहायला शिकली. मीच शिकवलं. तेवढी तीन अक्षरं सोडली तर तिला दुसरं काही लिहिता यायचं नाही, आणि ती शिकलीही नाही. म्हणायची, "आणि कुठं लिवायचंय मला?"

सुरवातीला सुमन म्हणून हाक मारली तर ती मानच वर करायची नाही. शेजारची बाई ढोसायची, "अगं, तुलाच बलावत्यात." पुढं तिनं त्याचा खेळच करून टाकला. कोर तडकला आणि मी ओरडलो की शांतपणे म्हणायची, "सुमनला बोला, मिस्त्री. लई येंधळी हाय ती." आणि एखादा अवघड कोर एका दमात उतरला की पदरानं हात पुसत, "ह्यो कमलचा हाय. ध्यानात ठिवा." चौदा एप्रिलला तिनं कधी सुट्टी मागितली नाही, फक्त सांगितली. आदल्या दिवशी जाताना म्हणायची, "उद्या मी न्हाय. सुमनला घ्या कामावर." आणि दुसऱ्या दिवशी निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून बिंदू चौकात मिरवणुकीत पुढं.

कोरच्या वाळूत आम्ही उसाची मळी घालायचो. मळीनं वाळू धरते. कोर भाजायला लागले की फौंड्रीत गुऱ्हाळासारखा वास सुटायचा. कमल वाळूची मूठ आवळून नाकाजवळ न्यायची आणि सांगायची, मळी जास्त झाली, पाणी कमी हाय. भाजलेला कोर कानाजवळ धरून नखानं वाजवायची. पुढं ओल मोजायचं मीटर आलं तेव्हा आम्ही सगळे त्या मीटरच्या आणि ते घेऊन आलेल्या पोरसवदा इंजिनिअरच्या विरुद्ध कमलच्या बाजूनं उभे राहिलो. दोघांची जुंपली. मीटर म्हणालं ओल जास्त आहे, कमल म्हणाली ओल बेताचीच आहे. ओतल्यावर त्या दिवशीची निम्मी कास्टिंगं वाफेनं फुटली. मी मान खाली घालून बसलो. ती उठून त्या इंजिनिअरकडं गेली आणि म्हणाली, "तुमचं यंत्र खरं बोललं की, साहेब. मला शिकवा त्ये." शिकलीही. माझ्यानं ते झालं नसतं. मी मीटरला आजवर हात लावलेला नाही.

दोन हजार सालाच्या पुढंमागं मालकांनी कारभार मुलाच्या हातात दिला. मुलगा बाहेर शिकून आलेला, वागायला चांगला, मला काका म्हणायचा. उगीच खोटं कशाला बोलू, आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही. पण फौंड्री वेगळी झाली. वर काचेचं ऑफिस झालं. जेवायला तीन जागा झाल्या. साहेब लोकांची वर, आम्हा कायम माणसांची खाली, आणि ठेकेदारानं आणलेल्या रोजंदारीच्या बायकांची बाहेर पत्र्याखाली. कुणी कुणाला हाकललं नाही. नुसती टेबलं वेगवेगळी मांडली आणि ज्यानं त्यानं आपली जागा ओळखली. मालक अधनंमधनं यायचे तेही वरच जेवायचे. आम्हीही त्यांना खाली बोलावलं नाही. आपल्या फडक्यातली भाकरी काचेच्या ऑफिसात कोण नेणार?

फोटोची ओळखपत्रं निघाली. कमलनं आपलं कार्ड माझ्यापुढं धरलं. "वाचा की."

"सुमन."

"आन फोटू?"

"तुझा."

"म्हंजे माझं थोबाड आन तिचं नाव. बरं झालं, थोबाड तरी माझं घेतलं!"

एकदा परदेशातलं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं. कोरशॉपमधी धूर फार, म्हणून त्या दिवशी बायकांना मागच्या गोदामात बसवलं होतं. पाव्हण्यांना दिसू नये म्हणून. कमल बसली अर्धा तास. मग तिला ओव्हनमधल्या कोरांची आठवण झाली. तशीच उठली, चटक्याचं फडकं घेतलं, धूर निघणारं तबक डोक्याच्या वर धरून सुटाबुटातल्या माणसांच्या घोळक्यात घुसली आणि ओरडली, "सरा की पावणं! भाजंल!" गोरे पाव्हणे पटापट बाजूला झाले. एकानं तर टोपी काढली. धाकट्या मालकांचा चेहरा विटेसारखा झाला. संध्याकाळी ते तिला एवढंच म्हणाले, "मावशी, सांगितलं होतं ना?" ती म्हणाली, "सुमनला सांगितलं आसंल."

सगळे हसले. तेही हसले. त्यांना वाटलं, ही गंमत करते.

फौंड्रीत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि वर कुणालाच माहीत नव्हतं. असं कसं, विचाराल. पूर्वी वर असं काही नव्हतंच.

२००५ साली फौंड्रीला पंचवीस वर्षं झाली. बारा वर्षांच्या वर नोकरी झालेल्यांची नावं बिडाच्या पाटीवर ओतून ती गेटाजवळ बसवायची, आणि समारंभात प्रत्येकाला शाल द्यायची असं ठरलं. पाटीचा साचा मी घालणार होतो. ऑफिसनं यादी दिली, तिच्यावरनं लाकडी अक्षरं तयार झाली, मी साचा घातला आणि अक्षरं उचलून काढली. काळ्या वाळूत नावांचे खड्डे उमटले.

कमल कोरचं तबक घेऊन चालली होती. थांबली. "मिस्त्री, ह्यात मी कुठं?"

मी बोट दाखवलं. सही गिरवून गिरवून तिला ती अक्षरं उलटीसुद्धा ओळखू आली.

"आन कमल?"

"न्हाय."

"एकदा तरी घाला की वो. तेरा वर्सं झाली. हितं मेले तर सुमन मेली म्हणशीला, आन घरी कमल. दोगींचं मिळून एक तर मढं ऱ्हाईल का?"

ती हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. मी म्हणालो, "कमल घातली तर सुमन जाईल. आन सुमन गेली की तू बी जाशील. घरात त्यो आडवा पडलेला. काय खाशीला?"

 ती वाकली आणि सुमनच्या नावापुढं वाळूत आपला अंगठा दाबला.

"अगं ए! साचा हाय त्यो!" मी ओरडलो. माझ्या साच्याला माझ्यावाचून कुणी हात लावलेला मला खपत नसे. थापी उचलली. एक थापी फिरवली असती की तो खळगा बुजला असता. ती तबक घेऊन निघून गेली होती. मी थापी खाली ठेवली आणि साच्याची पेटी बंद केली.

पाटी ओतली. वाळूत खळगा होता, तिथं लोखंडाचा चिंचोक्याएवढा उंचवटा आला. नीट बघितलं तर त्यावर रेघाही उठल्या होत्या. दोन दिवस पाटी शेडमधी पडून होती. कमल जाता येता त्याच्यावरनं बोट फिरवायची. कुणाला काही सांगायची नाही.

तिसऱ्या दिवशी क्वालिटीचा साहेब आला आणि त्या उंचवट्याभोवती खडूनं गोल काढला. "हा डिफेक्ट आहे. ग्राइंड करा."

"डिफेक्ट न्हाय त्यो. ऱ्हाऊ द्या."

"मग काय आहे?"

मी काय सांगणार? माझ्या डोळ्यासमोर ग्राइंडर फिरला. ठिणग्या उडाल्या, आणि झालं. संध्याकाळी कमलनं तिथं बोट लावलं. "गुळगुळीत झालं की," म्हणाली. मी तोंड फिरवलं.

समारंभ फौंड्रीच्याच अंगणात. पुढं सोफे, मग कापड घातलेल्या खुर्च्या, मग आमच्या प्लास्टिकच्या, आणि सगळ्यात मागं ठेकेदाराच्या बायकांना सतरंज्या. ऑफिसनं निमंत्रणाची छापील पत्रं प्रत्येकाच्या कार्डावरच्या पत्त्यावर धाडली होती. सुमनच्या कार्डावर गावाकडचा पत्ता. हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. कार्यक्रम सुरू व्हायला आला आणि गेटातनं खरी सुमन आत आली. अंगावर नवी साडी, शेजारी नवरा. कमलचा चेहरा उतरला.

"तुमी कशाला आलासा, अक्का?"

"पत्र आलंय की माझ्या नावचं," सुमन म्हणाली.

तिचा नवरा आवाज बारीक करून म्हणाला, "उपस्थित ऱ्हावं आसं छापलंय, कमल. न्हाय आलं तर सुमनचं नाव कापतील, आन तुजी नोकरी जाईल. रोजगार बुडवून आलोय तुज्यासाठी."

खरंच तिच्यासाठीच आला होता तो. मी म्हणालो, "गप मागं बसा. उठू नका." पण तेवढ्यात माइकवर नावं सुरू झाली, आणि सुमनचं नाव पुकारलं तसं नवऱ्यानं तिला ढोसलं. ती बिचारी पदर सावरत उठली आणि चालायला लागली. हजेरीचा नवा क्लार्क यादी घेऊन स्टेजवर होता. तो माइकपुढंच म्हणाला, "ह्या कोण?"

आमच्या कोरशॉपमधली एक बाई उभी राहून ओरडली, "ती न्हवं वो! आमची सुमन हितं हाय!" कमलचा मान दुसरीला जाऊ नये म्हणून ओरडली ती. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

अख्खं अंगण हसलं. धाकटे मालकही हसले, आणि मग हसता हसता थांबले. शाल हातात होती, ती समोर आलेल्या सुमनच्या खांद्यावर पडली. कमल बसल्या जागेवरनं टाळ्या वाजवत होती.

पाव्हणे गेल्यावर मला आणि कमलला वर बोलावलं. मी पहिल्यांदाच त्या काचेत गेलो. थोरले मालक खुर्चीत बसले होते. मी सरळ त्यांनाच म्हणालो, "मालक, तुमीच म्हणालता. नाव कुणाचं बी असू दे, हात हिचंच हाईत. मी समोर हुतो."

ते टेबलाकडं बघत म्हणाले, "म्हणालतो की. तवा माझा शब्द चालत हुता. आता पोराच्या हातात हाय सगळं."

मी पोराकडं बघितलं. "काका," तो म्हणाला, "माझ्याही हातात नाही. बाहेरचं गिऱ्हाईक कागद तपासतं. दुसऱ्याच्या नावावर माणूस सापडला, आणि तेही भर समारंभात, तर ऑर्डर जाईल. मग सगळ्यांचंच पोट जाईल. मी काय करू, सांगा."

त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मी आजवर माणसं पुष्कळ बघितली, ते पाणी खोटं नव्हतं. कुणाच्या हातात होतं ते मात्र मला अजूनही कळलेलं नाही.

क्लार्कनं नोकरी सोडल्याचा कागद ओढला. "खरं नाव सांगा, बाई."

कमल ताठ झाली. "कमल दत्तू कांबळे."

त्यानं लिहिलं.

"वाचून दावा की एकदा."

"कशाला?"

"दावा की वो."

त्यानं वाचलं. कमल दत्तू कांबळे. ती म्हणाली, "बरोबर हाय. मोठ्यांदा वाचलासा, बरं झालं." आणि पेन घेऊन, जीभ दातात धरून, अगदी वळणदार अक्षरात तिनं खाली सही केली. सुमन. तिला दुसरी सही येतच नव्हती.

क्लार्कनं कपाळाला हात लावला, कागद फाडला आणि दुसरा काढला. मी तिथं थांबलो नाही. जिना उतरलो आणि अंगणात खुर्च्या गोळा करणाऱ्या सगळ्यांसमोर ओरडलो, "उद्यापासनं मी बी ह्या फौंड्रीत पाय ठेवणार न्हाय! सांगून ठेवतो! माझ्या हातचं कास्टिंग दाखवा मग कुठं मिळतंय!"  एकानं माझ्यासाठी खुर्ची पुढं केली.

थोड्या वेळानं ती खाली आली. कोरशॉपमधी जाऊन डबा घेतला. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ओव्हनमधी घाणा ठेवलाय. सकाळी काडा. दार एकदम उघडू नका, तडकतील."

"कमल," मी म्हणालो. 

"हं," ती म्हणाली. "चलते, मिस्त्री."

गेटाबाहेर सुमन रडत उभी होती. तिनं आपल्या खांद्यावरची शाल काढून कमलच्या खांद्यावर टाकली. कमलनं ती काढून परत तिच्या हातात दिली आणि तिचे डोळे पदरानं पुसले. मग तिघंही हायवेच्या कडेनं चालायला लागले. पुढं दीर, मागं दोघी जावा. ट्रकच्या धुरळ्यात त्या दोघींतली कमल कुठली हे मला लवकरच कळेनासं झालं. त्यानंतर ती मला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाच कमी असताना मी डबा घेऊन गेटात होतो. कारणं पुष्कळ सांगता येतील, ती सांगत नाही. कार्ड पंच केलं. कोरशॉपमधी गेलो, ओव्हनचं दार बोटभर उघडून थोडा वेळ थांबलो, मग तबकं बाहेर काढली. एकही कोर तडकला नव्हता. ते सगळे मी माझ्या हातानं साच्यात बसवले, आणि दहा वाजता लोखंड आलं तेव्हा ओतून घेतलं.